दस्तगीरभाई आणि हुमेराचे बुडबुडे

वलवणच्या दस्तगीरभाईंचा जन्म पंक्चर काढण्यात गेला. ट्यूब टबात बुडवायची, बुडबुडा दिसला की त्यावर अंगठा दाबायचा आणि गिऱ्हाइकाकडे असं बघायचं, जणू खिळा त्यानंच मारलाय. फुकट जाणारी हवा त्यांना बघवत नसे.

त्यांची लेक हुमेरा मात्र अंदमानात पर्यटकांना समुद्राखाली नेण्याची नोकरी करायची. तिथं एका आडबाजूच्या बेटापाशी प्रवाळाचा उभा कडा होता. आपल्या वलवणजवळचा नागफणीचा सुळकाच, फक्त पाण्याखाली. पाण्याला ओढ भयंकर, शिवाय शार्क. हे कळल्यावर अकबरीनं, म्हणजे तिच्या आईनं, जेवण सोडलं आणि पोरीला घेऊन या म्हणून नवऱ्याला धाडलं. हुमेराची अट एकच होती. अब्बांनी आधी पाण्याखाली येऊन तिचं काम बघायचं, मग परत नेण्याचं बोलायचं.

उथळ पाण्यातला सराव भाईंनी बिनतक्रार केला, कारण तो सगळा डोळे मिटून केला. कड्यापाशी मात्र डोळे उघडावेच लागले. पाण्यानं ओढताच हुमेरानं एका हातानं खडक धरला, दुसऱ्यानं बापाचं मनगट. भाई मान वळवून बघतात तर पोरीच्या तोंडावरच्या नळीतून भसाभसा बुडबुडे. पोरगी पंक्चर.

त्यांनी मोकळ्या हाताचा अंगठा नळीवर दाबला. तिनं मान हिसडली, त्यांनी अख्खा पंजा दाबला. मागून शार्क येऊन गेले, एक तर वळून पुन्हा आला म्हणे, पण भाईंना सवड कुठली. शेवटी हुमेरानं त्यांना बखोटीला धरून वर आणलं.

होडीत येताच ती भडकली. "अब्बा, बुडबुडे येतायत म्हंजे मी श्वास घेतेय. ते थांबले तर घाबरायचं."

भाईंना मेल्याहून मेल्यासारखं झालं. ते खाली मान घालून आपलं मनगट बघत बसले. तिच्या बोटांचे वळ अजून तसेच होते. तोंड दाबलं तरी पोरीनं हात सोडला नव्हता.

"लय घट्ट धरलं व्हतंस गं," ते म्हणाले. "ऱ्हा हितंच. अम्मीला मी सांगतो."

आता दुकानात येणारा-जाणारा शार्क कसा असतो ते विचारतो. भाई सरळ सांगतात, न्हाई बघितला. मग ट्यूब टबात बुडवतात. बुडबुडे वर येऊ लागतात, गिऱ्हाईक घाई करतं, पण दस्तगीरभाई अंगठा लगेच ठेवत नाहीत. थोडा वेळ येऊ देतात.