दर बाजारी एक पुडी

"मॅडम, मशीन आकडाच देत नाहीये," सोनवणे म्हणाला.

सोनवणे आमच्या जळगावच्या लॅबमधला टेक्निशियन. मी तिथली सल्लागार. धुळ्याला बायोकेमिस्ट्री शिकवून रिटायर झाले, जळगावातच मेहरूणला घर घेतलं आणि पंधरा दिवसांत कंटाळून ही लॅब धरली. सकाळी तीन तास जाते, रिपोर्टांवर नजर टाकते, सह्या करते आणि सोनवणेच्या चुका काढते. त्या दिवशी मात्र त्याची चूक नव्हती.

व्हिटॅमिन डी मोजणाऱ्या मशीनला एक वरची मर्यादा असते. रक्तात त्याहून जास्त असलं तर ते आकडा देत नाही, नुसती 'जास्त' अशी खूण दाखवतं. आमच्याकडे 'कमी'ची खूण रोज येते. 'जास्त'ची खूण त्या लॅबमध्ये मी पहिल्यांदाच बघत होते.

"सॅम्पल पातळ कर आणि परत लाव," मी म्हटलं. म्हणजे रक्तातला पाण्यासारखा भाग ठरलेल्या द्रावणात मिसळायचा, मोजायचा आणि आलेला आकडा तितक्या पटीने गुणायचा. सोनवणेने गुणला. मग माझ्याकडे बघितलं. मी कॅलक्युलेटर हातात घेऊन पुन्हा गुणला. आकडा तोच आला, आणि तो आकडा माणसाच्या रक्तात असायला नको होता.

सॅम्पल धुळ्याहून आलं होतं. पाठवणारा डॉ. नितीन माझाच विद्यार्थी, आता तिथला नावाजलेला फिजिशियन. पेशंट कमलाबाई, वय बावन्न, साक्रीजवळच्या एका गावच्या. मी नितीनला फोन लावला.

"मॅडम, तुमचं मशीन बिघडलंय," त्याने पहिलं वाक्य हेच टाकलं.

"मशीन नीट आहे. बाईला होतंय काय?"

"महिनाभर उलट्या. तहान तहान करते. पोट साफ नाही. बोलता बोलता मध्येच थांबते, कुठे आहोत ते विसरते. कॅल्शियम फार वाढलंय आणि किडनीवर ताण दिसतोय."

कॅल्शियम फार वाढलं की डॉक्टर दोन-चार कारणं शोधतात. गळ्यातल्या पॅराथायरॉइड नावाच्या ग्रंथीची तपासणी नितीनने केली होती, ती निर्दोष सुटली होती. व्हिटॅमिन डी फार झालं तरी कॅल्शियम वाढतं. आणि एक कारण असं असतं की जे पेशंटसमोर मोठ्याने बोलत नाहीत. नितीनने ते घरच्यांना सांगून टाकलं होतं. कॅन्सर असू शकतो, नाशिकला जाऊन स्कॅन करा. स्कॅनची तारीखही ठरली होती.

"अरे, पण डी जास्त आहे ना! मग कारण समोरच आहे की."

"मॅडम, साक्रीच्या एका शिबिरात तिला पुडी दिली होती. आठवड्याला एक. मी स्वतः विचारलंय, चिठ्ठी बघितलीय. वर्षभर आठवड्याला एक घेतली तरी डी इतकं चढत नाही. हे तुम्हीच आम्हाला शिकवलंय."

शिकवलं होतं खरं.

इथे माझ्याबद्दल थोडं सांगावं लागेल. खान्देशात मला 'ऊनवाली मॅडम' म्हणतात. नोकरीची सगळी वर्षं मी एकाच प्रश्नामागे घालवली: जिथे उन्हाळ्यात डांबर वितळतं, तिथल्या बायकांच्या अंगात उन्हातून मिळणारं व्हिटॅमिन कमी कसं? सुरुवातीला सहकारी हसायचे. भुसावळच्या एका डॉक्टरने भर सभेत विचारलं होतं, "मॅडम, जळगावात ऊन कमी पडतंय का? आमच्याकडचं पाठवू थोडं?" उत्तर केळीच्या बागेत सापडलं. दिवसभर शेतात असणारी बाई आम्ही फॉर्मवर 'आठ तास उन्हात' अशी लिहीत होतो. प्रत्यक्षात केळीच्या चिकाचे डाग जात नाहीत म्हणून ती नवऱ्याचा जुना फुल शर्ट साडीवर चढवते, तोंडाला रुमाल गुंडाळते आणि केळीच्या गर्द सावलीत काम करते. ऊन तिला लागतं ते जाता-येता. हे मी लिहिलं, बोलत राहिले आणि हळूहळू लोक ऐकायला लागले. साक्रीपासून भुसावळपर्यंत शिबिरं सुरू झाली, पुड्या वाटल्या जाऊ लागल्या.

पुडी म्हणजे साठ हजार युनिटची पावडर, दुधातून घ्यायची. आठवड्यातून एकदा, असे आठ आठवडे. पण बायका विसरायच्या. सोमवारी घ्या सांगितलं तर सोमवार कधी गेला ते कळायचंच नाही. तेव्हा आमच्याबरोबर फिरणारी आरोग्यसेविका हिराबाई म्हणाली, "मॅडम, सोमवार-मंगळवार कोन याद ठेवस? बजारना दिन कोनी भुलत नही." मला ते इतकं पटलं की मी शिक्केच बनवून घेतले: 'दर बाजाराच्या दिवशी एक पुडी. एकूण ___ पुड्या.' रिकाम्या जागेत डॉक्टरने आकडा लिहायचा. शिक्के सगळ्या शिबिरांना दिले. गावातल्या बाईचा आठवडा बाजारापासून बाजारापर्यंत असतो, हे माझ्या भाषणांतलं टाळ्यांचं वाक्य होतं. त्याचं श्रेय हिराबाईला किती वेळा दिलं, हे मात्र मला आठवत नाही.

तर आता समोर हा आकडा. सोनवणेने नळ्यांची अदलाबदल झाली का ते तपासलं. नव्हती झाली. दुसऱ्या दिवशीच्या सगळ्या सॅम्पलांमध्ये नेहमीचे आकडे आले, म्हणजे मशीन शुद्धीवर होतं. पुडीतच घोळ म्हणावा तर तीच पुडी हजारो बायका घेतात. कुणी इंजेक्शनं टोचली असतील का? नितीन म्हणाला, नाही. कॉडलिव्हर ऑइल? तो हसला. "मॅडम, त्या बाईने समुद्र टीव्हीवर पाहिला असेल."

दोन दिवस मी पुरती भंजाळले. मशीन खरं बोलतंय, बाई खरं बोलतेय, चिठ्ठी खरं बोलतेय, आणि तिघांचा मेळ बसत नाही. जेवताना मी नवऱ्याला विचारलं, "आठवड्याला एक म्हणजे एकच ना रे?" तो म्हणाला, "भाजी वाढतेस का?"

आकडा खोटा धरला, तर बाईला कॅन्सर शोधायला नाशिकला जावं लागणार होतं आणि तोवर घर भीतीने अर्धमेलं होणार होतं. आकडा खरा धरला, तर रोज कुठून तरी तिच्या पोटात व्हिटॅमिन डी जात होतं आणि तिची किडनी रोज थोडी थोडी संपत होती. मी नितीनला म्हटलं, नवीन सॅम्पल घ्यायला मी स्वतः येते.

"ती ॲडमिट नाही आता. तीन दिवस सलाइन लावलं, जरा बरं वाटलं, तशी हट्टाने घरी गेली."

"पुडी बंद करायला सांगितलीस?"

"सांगणार होतो. पण मॅडम, आठवड्याच्या एका पुडीने..."

"नितीन!"

त्याने कमलाबाईंच्या घरी फोन लावला. सून म्हणाली, सासूबाई दहिवेलच्या बाजाराला गेल्यात. सांगून ऐकत नाहीत, घरात जीव रमत नाही म्हणतात.

म्हणून मी तशीच धुळ्याला गेले आणि तिथून नितीनच्या गाडीतून आम्ही दोघं दहिवेलला निघालो. ऊन मी म्हणत होतं. कमलाबाई सुक्या मिरच्या विकतात हे वाटेत कळलं. बाजारात मिरचीवाली कमलअक्का म्हटल्यावर तिघांनी एकदम हात करून दाखवलं. ताडपत्रीच्या सावलीत मिरच्यांच्या लाल ढिगामागे एक वाळलेली, तरतरीत डोळ्यांची बाई बसली होती. शेजारी पाण्याचा मोठा कॅन. आम्ही पोचेपर्यंत तिने दोनदा तांब्या तोंडाला लावला.

"डाक्टर, तुम्ही?" ती दचकली. मग मला बघून सरकली. "बाई, बठा. उनमा कसाले उभ्या शेत?"

मला उन्हाबद्दल कुणी असं बोललं की एरवी हसू येतं. तेव्हा आलं नाही. मी पोत्यावर बसले. काय खाता, काय पिता, कुणाकडून औषध घेता, सगळं विचारून झालं. उत्तरं नितीनने सांगितली होती तीच.

"पुडी, अक्का?"

"बजारना दिनले एक. चिठ्ठीवर लिखेल शे."

"म्हणजे आठवड्याला एक."

"बजारना दिनले एक," ती पुन्हा म्हणाली. मला ऐकायला कमी येत असावं असं तिला वाटलं असणार.

तेवढ्यात चहावाला आला. अक्काने आमच्यासाठी दोन चहा सांगितले आणि स्वतःसाठी अर्धा कप दूध. कमरेची पिशवी काढली, त्यातून एक पुडी काढली, दातांनी कोपरा फाडला आणि दुधात ओतली. करंगळीने ढवळली.

"थांबा, थांबा," मी कपावर हात ठेवला. "याच्या आधीची कधी घेतली?"

"काल."

"काल?"

"काल निजामपूरना बजार व्हता ना. परवा पिंपळनेर." ती शांतपणे बोटांवर मोजत होती. "हप्ताना सहा बजार करस मी. एक दिन घर, धुणंभांडं. त्या दिनले पुडी नही."

नितीनच्या हातातला चहा तसाच राहिला. मी एक मूर्ख प्रश्न विचारला. "इतक्या पुड्या तुम्हाला मिळतात कुठून?"

"ज्या गावना बजार, त्या गावना मेडिकलमा. चिठ्ठी दावस, तो देस."

आता सगळं कळलं. प्रत्येक गावच्या दुकानदाराला ती आठवड्यातून एकदाच दिसत होती. प्रत्येकाच्या हिशेबी ती अगदी शहाण्यासारखी वागत होती. नितीननेही विचारलं, तेव्हा तिने बाजाराच्या दिवशी म्हटलं आणि त्याने आठवड्याला एक असं लिहिलं. त्यालाही मीच शिकवलं होतं की बाजार म्हणजे आठवडा.

तिने पिशवीतून चिठ्ठी काढली. प्लास्टिकच्या कागदात जपून ठेवलेली, घड्यांवर चिकटपट्टी लावलेली. त्यावर माझा शिक्का. 'एकूण' च्या पुढची जागा कोरी. शिबिराच्या गर्दीत कुणीतरी आकडा लिहायला विसरलं होतं. पावसाळ्यात सुरू केलेलं औषध फाल्गुन आला तरी चालू होतं.

"दवाखानाना तीन दिन सोडीसन एक बी बजारले खाडा पडू दिधा नही," अक्का म्हणाली. आवाजात अभिमान होता. मग आमचे चेहरे बघून तो उतरला. "मनं काय चुकनं, बाई?"

"तुमचं काही चुकलं नाही. चूक माझी आहे."

हे वाक्य मी सभांमध्ये कधी म्हटलं नव्हतं. तिथे मिरच्यांच्या ठसक्याने डोळ्यांना पाणी आलं, असं मी नितीनला दाखवलं. खरं सांगायचं तर मिरच्यांचा काही संबंध नव्हता. मला लाज वाटत होती.

अक्काला आम्ही त्याच गाडीतून धुळ्याला नेलं. मिरच्यांची पोती शेजारच्या बांगडीवाल्याने सांभाळतो म्हटलं. जाता जाता मी त्याला सहज विचारलं, तुम्ही पुडी घेता का? तो म्हणाला, घेतो की, दर बाजाराला. त्याचंही रक्त घेतलं. त्याचा आकडा अक्काइतका वाईट नव्हता. त्याने पुडी सुरू करून थोडेच दिवस झाले होते.

व्हिटॅमिन डी अंगातल्या चरबीत साठून राहतं, त्यामुळे बंद केलं तरी सावकाश उतरतं. अक्काला पुन्हा सलाइन, गोळ्या, दूध बंद, भरपूर पाणी. नाशिकचं स्कॅन रद्द झालं. ती बातमी सुनेला सांगितली तेव्हा ती दवाखान्याच्या जिन्यातच बसून रडली. कॅल्शियम काही आठवड्यांत जागेवर आलं. अक्काला बाजारांची नावं पुन्हा धडाधड आठवू लागली. किडनीचा आकडा मात्र सुधारून एका जागी थांबला, पुरता पूर्वीसारखा झाला नाही. तो दर खेपेला मी स्वतः बघते.

शिक्के परत मागवले. सगळे आले नाहीत. एका शिबिरवाल्याने फोनवर सांगितलं, "मॅडम, फार सोयीचा शिक्का होता हो." फिरत्या बाजारकऱ्यांना शोधायला हिराबाईला बोलावलं. ती आता आजी झालीय. सगळं ऐकून ती म्हणाली, "मॅडम, मी लेणारनं सांगेल व्हतं. इकणारनं तुम्ही इचारंच नही." खरं होतं. घेणारीचा आठवड्याला एकच बाजार, विकणारीचे सहा. कपडे, ऊन, दूध, झोप, सगळे रकाने माझ्या फॉर्मवर होते. 'तुम्ही बाजाराला कशासाठी जाता?' हा रकाना नव्हता. आता आहे, आणि तो सगळ्यात वर आहे. माणसाचा आठवडा कसा जातो हे विचारल्याशिवाय त्याला आठवड्याचं औषध देऊ नये, एवढाच धडा. तो शिकायला मला अख्खी नोकरी आणि वर रिटायरमेंट लागली.

परवा अक्काचं सॅम्पल घ्यायला पिंपळनेरच्या बाजारात गेले होते. नळी भरून झाली तशी तिने कागदात मूठभर मिरच्या बांधून माझ्या पर्समध्ये कोंबल्या.

"लई तिखट शेत. हप्तामा एकदाव खाज्यात, जास्त नही."

"कोणत्या दिवशी?" सवयीने माझ्या तोंडून निघून गेलं.

अक्का तराजू खाली ठेवून हसली. "ते मी कसं सांगू, बाई? तुम्हना हप्ता कसा ऱ्हास, माले काय माहीत?"