आठ नसलेली संख्या

दर रविवारी आम्ही काही मुलं बॉथेल गावात साठेकाकांच्या बेसमेंटमध्ये गणितं सोडवतो. गणितं विसरायला होतात, किस्से मात्र साठत जातात! आणि जवळपास सगळे किस्से एकाच संख्येचे: १२३४५६७९. ती बोर्डवर कायम लिहिलेली असते, त्यातला आठ गायब! काकांचा नियम असा, की या संख्येबद्दल काहीतरी नवं सांगायचं, मगच काकूंच्या वड्याला हात लावायचा.

पहिल्याच रविवारी रोहन ओरडला, "इट्स ऑड!" आणि वडा उचलला.

लगेच इरा म्हणाली, "इट्स नॉट इव्हन!"

"अगं, ते एकच झालं!" काकू म्हणाल्या.

"पण काकू, मी स्वतः शोधलं!"

काकूंनी तिला अर्धा वडा दिला.

*

रोहनची आई सॉफ्टवेअर टेस्टर आहे. एकदा ती त्याला न्यायला लवकर आली. काका वर चहा घेत होते. ते खाली आले आणि म्हणाले, "आज आपल्या संख्येला नऊने गुणा. सगळे एक येतील, बघा गंमत!"

आम्ही बोर्डवरून संख्या उतरवून घेतली आणि गुणलं. आलं ११११११११०१. शेवटाजवळ एक शून्य! काकांनी स्वतः करून पाहिलं, तरी तेच. बिचारे घामाघूम झाले.

"अहो, आता कसं चुकेल?" रोहनची आई म्हणाली. "मधला आठ राहिला होता. मी मघाशीच बग फिक्स केला!"

*

जोराचा वारा सुटला की आमच्याकडे लाइट जातात. अशाच एका रविवारी काका टॉर्च धरून उभे होते. "आवडता अंक सांगा. त्याला नऊने गुणा, मग आपल्या संख्येने. उत्तरात फक्त तोच अंक येईल!"

इराने चार निवडला. छत्तीसने गुणलं, आणि खरंच सगळे चार!

"रोहन, तुझा कुठला?"

"झीरो. काका, माझं झालंसुद्धा!"

काकांनी टॉर्च बंद केला.

*

मी नेहमी शेवटी बसते. माझ्या मनातलं कोणीतरी आधीच बोलून टाकतं. मग मी काही न सांगताच काकू वडा पुढे करतात. तसा वडा मी खात नाही.

यंदा स्टेटच्या मॅथ कॉन्टेस्टला चौघांची टीम जाणार होती. तीन जागा भरल्या होत्या. काका मला म्हणाले, "चौथी तुला मिळेल. पण सगळ्यांसमोर बोर्डवर काहीतरी सांगायला हवं. तिथे बोलावंच लागतं."

मला जायचंच होतं.

गेल्या रविवारी मी तयारीनेच गेले. "एंड्स इन नाइन!" म्हणून रोहन वडा घेऊन बसला. मग इरा म्हणाली, "सगळ्या अंकांची बेरीज थर्टी-सेव्हन."

माझं अर्धं गेलं!

"घे गं, राहू दे," म्हणत काकूंनी ताट माझ्याकडे सरकवलं. मी मानेनेच नाही म्हटलं आणि उठले.

बोर्डजवळ जाऊन मार्कर उचलला. मी आमच्या संख्येला सदतीसने भागायला घेतलं. हळूहळू, एकेक अंक खाली उतरवत. उत्तर ३३३६६७. बाकी शून्य.

"बेरीज सदतीस," मी म्हणाले, "आणि भागही सदतीसनेच जातो."

काकांनी उलटा गुणाकार करून पाहिला.

"चौथी जागा भरली," ते म्हणाले.

रोहनने हातातला उरलेला वडा ताटात परत ठेवला.

"काकू, माझं कॅन्सल करा!"