पायरीवर लिहिलेला दगड

परवा तुम्ही मला पडद्यावर शास्त्राच्या शब्दांची रंगीत कार्डं दाखवलीत. एका बाजूला चित्र, दुसऱ्या बाजूला इंग्रजी शब्द. मॅग्नेट, हीट, लिक्विड, व्हेपर. धाकटीने विचारलं, "आजी, तू हे शब्द कशी शिकलीस?" त्या वेळी मी "घरीच" एवढंच म्हटलं. ते उत्तर अपुरं होतं. आता क्रमाने सांगते.

मी तेरा वर्षांची होते आणि मराठी सातवी पास झाले होते. आम्ही संगमनेरात भाड्याच्या दोन खोल्यांत राहत होतो. वडिलांना आम्ही दादा म्हणायचो. ते कचेरीत कारकून होते. घरात दादा, आई, मी आणि दादांची मोठी विधवा बहीण, म्हणजे माझी आत्या. त्या काळी मराठी शाळा संपली की इंग्रजी शाळा पुन्हा पहिलीपासून सुरू व्हायची आणि मॅट्रिकला सात वर्षं लागायची. तेरा आणि सात वीस. दादांनी मला समोर बसवून हा हिशेब सांगितला.

"वीस वर्षांपर्यंत मी कोणाला थोपवू शकणार नाही," ते म्हणाले. "अठरापर्यंत थोपवीन. तिसरीत घेतलं तर शीक. पहिलीत बसायचं असेल तर नको."

थोपवायचं होतं ते आत्याला. तिने सोनईचं एक स्थळ आणलं होतं. मुलाचं किराणा दुकान होतं, घरची जमीन होती, आणि लोक खरोखरच चांगले होते. म्हणूनच मला त्यांची भीती वाटे. वाईट स्थळ दादांनी सहज मोडलं असतं.

दादा हायस्कुलात जाऊन आले. हेडमास्तर म्हणाले होते की मुलीला इंग्रजी बऱ्यापैकी येत असेल तर जूनमध्ये तोंडी परीक्षा घेऊ. पण तिसरीपासून शास्त्र इंग्रजीतून असतं, तेव्हा शास्त्राचे साधे शब्द तिला आले पाहिजेत, नाहीतर वर्गात बसून उपयोग नाही. इंग्रजी दादांनी मला दोन वर्षं घरी शिकवलं होतं. त्यात राजा होता, कोल्हा होता, आगगाडी होती. शास्त्र नव्हतं.

दादांनी ओळखीच्या मास्तरांकडून पुस्तक आणलं आणि चार दिवसांत परत केलं. त्या चार दिवसांत त्यांनी एकशेवीस शब्द उतरवून घेतले. लढाई चालू होती, कागद मिळत नव्हता. शब्द उतरवले ते जुन्या लग्नपत्रिकांच्या कोऱ्या पाठीवर. पुढे चिरंजीव आणि चिरंजीव सौभाग्यकांक्षिणी, मागे सॉलिड, लिक्विड, गॅस.

मी ते पंधरा दिवसांत पाठ केले. कसे, तर जसे पाढे पाठ केले होते तसे. रोज दिवेलागणीला आम्ही गल्लीतली मुलं परवचा म्हणायचो, त्याच चालीवर मी शब्द बसवले. सॉलिड म्हणजे घन, लिक्विड म्हणजे द्रव, गॅस म्हणजे वायू, असं करत थेट एकशेविसाव्यापर्यंत. एकही चूक नाही. मला फार अभिमान वाटला.

दादांनी कचेरीतून येऊन पागोटं खुंटीला लावलं आणि विचारलं, "गंजाला काय म्हणतात?"

मी डोळे मिटून पुटपुटायला सुरुवात केली. सॉलिड म्हणजे घन, लिक्विड म्हणजे द्रव...

"हे काय चाललंय?"

"येतोय गंज. जरा थांबा ना दादा. एकाहत्तरावा आहे."

दादा थांबले. मी एकाहत्तराव्यापर्यंत पोचले आणि म्हणाले, "रस्ट!"

"हेडमास्तर काय तुझा परवचा संपेपर्यंत थांबणार आहेत?" दादा म्हणाले. "वर्गात मास्तर रस्ट म्हणतील, तू सॉलिडपासून निघशील, आणि तू पोचेपर्यंत ते पुढच्या धड्यावर गेलेले असतील."

आई चुलीपुढे तोंड फिरवून हसली. आत्या म्हणाली, "सोनईच्या दुकानात कोणी रस्ट मागायला येत नाही."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी चाल सोडायची ठरवली. ते ठरवण्याइतकं सोपं नव्हतं. जिभेला चालच लागलेली. शब्द सुटे करायचे तर त्यांना वेगवेगळ्या जागी बांधायला हवं होतं. रात्री अभ्यास नव्हता, कारण रॉकेल रेशनवर होतं. दिवसा घरकाम. म्हणून कामातच शब्द घालायचे असं मी ठरवलं. आईच्या पानाच्या डब्यातला चुना बोटभर घेतला, कडुलिंबाची काडी घेतली, आणि ज्या वस्तूचा जो शब्द तो तिच्यावर लिहून टाकला. लोखंडी कढईवर आयर्न. पाणी तापवायच्या बंबावर कॉपर. पातेल्यांवर ब्रास. आरशाच्या कडेला ग्लास. विहिरीच्या रहाटावर पुली. भांडी राखेने घासली की अक्षरं जात, म्हणून रोज पुन्हा लिहायची. तेही चांगलंच होतं. बसायच्या पाटावर वुड लिहिलं आणि दारातल्या पायरीवर, सगळ्यात मोठ्या अक्षरांत, स्टोन.

इथे माझं चुकलं, आणि ते माझ्या लक्षातही आलं नाही.

आत्या प्रवरेवर आंघोळीला जायची. ती ओलेत्याने, हातात तांब्या घेऊन परत आली आणि पायरीसमोर उभी राहिली. मी मागे भांडी घासत होते. किती वेळ ती उभी होती कोण जाणे.

"अगं ए! ही अक्षरं कोणी काढली?"

मी धावत आले. "मी. ओलांडून या ना आत्या."

"ओलांडू? अक्षरं ओलांडू? सरस्वतीवर पाय देऊन घरात येऊ मी?"

"इंग्रजी आहेत ती."

"मग? इंग्रजी अक्षरं म्हणजे काय कोळसे आहेत? ज्यांची आहेत त्यांची विद्याच ना ती? काय लिहिलंस?"

"स्टोन."

"म्हणजे?"

"दगड."

आत्याने पायरीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "दगडावर दगड लिहिलंस? मला काय दिसत नाही दगड आहे ते?"

मी पाण्याने पायरी धुतली, पदराने पुसली. मगच ती आत आली. जेवणाच्या वेळी पाटावरून तेच झालं. आत्या पाट उचलून उभी. यावर बसायचं नाही, पुसायचा तर पाय न लावता पुसायचा, आणि आधी वाचून दाखवायचं. "चुकून देवाचं नाव लिहिलेलं असलं तर? तुझं तुलाच कळत नसेल."

दादा म्हणाले, "लिहायचं बंद कर." पण गंमत अशी की आत्याच म्हणाली, "बंद कशाला? लिहू दे. पायाखाली नको, बुडाखाली नको, एवढंच. आणि मी विचारीन ते वाचून दाखवायचं."

त्या दिवसापासून तिने विचारायला सुरुवात केली, आणि तिच्या विचारण्याला काही क्रम नव्हता. कढई उचलताना विचारी, आरशासमोरून जाताना विचारी, रहाटाला हात घालण्याआधी विचारी. अक्षर दिसलं की ते काय आहे हे कळल्याशिवाय तिला त्या वस्तूला शिवायचं नव्हतं. काल सांगितलं असलं तरी आज पुन्हा. "आज वेगळं लिहिलं नसशील कशावरून?" सॉलिडपासून सुरुवात करायला मला वेळच मिळेना. तिचा हात कढईवर थांबलेला आणि खाली चूल पेटलेली असे. आयर्न, असं म्हणावंच लागे.

"मी तुझ्या बाजूची नाही हो," ती मधूनच बजावी. "सोनईवाल्यांना मी जूनपर्यंत थांबायला सांगितलंय. जूनपर्यंतच."

एकदा ती भाताचं झाकण काढताना म्हणाली, "आणि ही वाफ? हिच्यावर कुठे लिहिशील?"

तिचा प्रश्न बरोबर होता. माझ्या यादीतल्या निम्म्या गोष्टींवर लिहिताच येत नव्हतं. वाफ, हवा, उष्णता, वजन, वेग. त्या घडतात, आणि घडून जातात. त्यासाठी मी नवा नियम केला. गोष्ट घडत असतानाच तिचा शब्द मोठ्याने म्हणायचा. वाफ निघाली, व्हेपर. दळताना जात्याचा दगड तापला, फ्रिक्शन. मीठ पाण्यात गेलं, डिझॉल्व्ह. तूप चुलीजवळ पातळ झालं, मेल्ट. या दोन्हींना आई विरघळलंच म्हणायची. मीही दोन्हींना एकच शब्द वापरला तेव्हा दादांनी मला वाटीभर मीठ आणि वाटीभर तूप समोर ठेवून विचारलं, "तुपात पाणी कुठून आलं?" त्यानंतर ती चूक झाली नाही. आई म्हणे, घरात वेडं माणूस फिरतंय असं शेजारी म्हणतील. म्हणोत. जूनला दोन महिने होते.

वैशाखात कल्हईवाले चाचा आले. गल्लीच्या तोंडाशी खड्डा करून ते भाता लावत आणि सगळ्यांची भांडी एका रांगेत मांडत. आमची पातेली हातात घेऊन ते थबकले.

"पोरी, ह्यावर काय लिवलंय? अल्लाचं नाव न्हाई ना? आगीत घालायचं हाय."

"न्हाई चाचा. ब्रास. पितळ म्हणून."

"व्हय? पितळ हाय ते मला हातात घेतल्यावर कळतं. लिवायला कशाला पायजे?" आणि हसून त्यांनी पातेलं निखाऱ्यांवर ठेवलं. "लांब हो. धूर लई वाईट हाय."

मी लांब झाले, पण गेले नाही. कथील वितळलं, चाचांनी कापसाच्या बोळ्याने ते फिरवलं, नवसागराचा पांढरा धूर उठला. मेल्ट, स्मोक, शाईन. संध्याकाळी घरी येऊन पाहिलं तर एकही शब्द शोधावा लागत नव्हता. चाल गेली होती.

जून आला. दादांनी अर्ध्या दिवसाची रजा काढली. हेडमास्तरांच्या खोलीत शास्त्राचे मास्तरही बसले होते. टेबलावर लोहचुंबक, खिळे, काचेची नळी, मेणबत्ती. त्यांनी उलटसुलट विचारलं आणि मी उलटसुलट उत्तरं दिली. थर्मामीटर मी कधी पाहिला नव्हता. तसं सांगितलं.

मग शास्त्राच्या मास्तरांनी इंग्रजीत विचारलं, की घन पदार्थ तापला की द्रव होतो, द्रवाचा वायू होतो. पण द्रव न होता थेट वायू होणारा एखादा पदार्थ तुला माहीत आहे का?

हे माझ्या लग्नपत्रिकांवर नव्हतं. पण मला देवघरातली डबी आठवली.

"कापूर, सर," मी म्हणाले. मग मोडक्या इंग्रजीत पुढे म्हणाले, की याचा इंग्रजी शब्द मला माहीत नाही. तो आम्ही डबीत ठेवतो. तो रोज कमी होतो. पण डबी कधी ओली नसते. म्हणून आम्ही त्यात काळे मिरे घालतो.

मास्तर हसले. "मिऱ्यांनी काही होत नाही," ते मराठीत म्हणाले.

"माझी आत्या म्हणते होतं," मी म्हणाले. "मी दोन डब्या ठेवून बघीन."

हेडमास्तरांनी मास्तरांकडे पाहिलं. मग म्हणाले, "शास्त्र ठीक आहे. पण इंग्रजी वाक्यं कच्ची आहेत. दुसरीत घेतो."

दादा उठायला लागले. दुसरी म्हणजे एकोणीस. त्यांच्या खांद्यांवरून मला कळलं की ते मनात हिशेब करताहेत आणि तो जमत नाही. मी उठले नाही.

"सर, तिसरीत घ्या," मी म्हणाले. "सहामाहीला इंग्रजीत नापास झाले तर दुसरीत खाली बसवा. मी तक्रार करणार नाही. दादाही करणार नाहीत."

दादांना न विचारता मी त्यांच्या वतीने बोलले होते, तेही पहिल्यांदाच. मी त्यांच्याकडे पाहिलं नाही.

"वर्गात चाळीस मुलगे आहेत आणि मुली दोन," हेडमास्तर म्हणाले. "खाली बसवलं तर सगळ्यांसमोर बसवीन."

"बसवा सर."

त्यांनी दौत पुढे ओढली आणि नोंदवहीत तिसरी असं लिहिलं.

बाहेर आल्यावर सरळ घराकडे न वळता दादा बाजारातल्या जुन्या पुस्तकांच्या दुकानाशी थांबले. "इंग्रजी तिसरीचं शास्त्राचं आहे?" नवं नव्हतंच. लढाईमुळे छापून येत नव्हतं. एक होतं ते पाठ सुटलेलं, दोऱ्याने बांधलेलं. दादांनी ते घेऊन माझ्या हातात दिलं आणि पुढे चालू लागले. मी दोरा सोडला. पहिल्या पानावर मला न येणारे सात शब्द होते. उन्हातून, त्यांच्या मागून चालत, मी पहिला वाचायला घेतला.