वळणावरचं टेंगूळ

जिल्हा म्हणायला मोठा, पण त्यात माणसांपेक्षा रस्तेच जास्त, आणि तेही बहुतेक कच्चे. पाऊस झाला की त्यांना खड्डे पडायचे, ऊन लागलं की पन्हळी पत्र्यासारख्या लाटा उठायच्या. त्या मोडायला जिल्हा कचेरीच्या रस्ते खात्याकडे एक पिवळं ग्रेडर मशीन होतं. लांबोडकं, पोटाखाली आडवं पोलादी पातं, आणि वर काचेच्या खोक्यात बसलेला एक माणूस. रस्त्याच्या सुरकुत्या काढतो म्हणून सगळे त्याला ‘इस्त्री’ म्हणत. खरं नाव फक्त पगारापुरतं लागायचं.

घरीही तो तसाच. चादरीवर घडी दिसली की हात फिरवणार, पडदा वाकडा दिसला की उठून ओढणार. बायको म्हणायची, “अहो, माझ्या कपाळावरच्या आठ्या तेवढ्या सोडा. त्या तुमच्याच हातच्या आहेत.”

आणि अशा माणसाच्या हद्दीत, पडक्या वीटभट्टीच्या पुढच्या वळणावर, हे एवढं टेंगूळ होतं. मागे-पुढे रस्ता तळहातासारखा साफ, आणि मधेच जमिनीला कुणी बुक्की मारून सुजवल्यासारखा उंचवटा. नवखी गाडी त्यावर आदळली की आतल्या माणसाचं डोकं छताला लागायचं.

लोक काय, उचलली जीभ लावली टाळ्याला. कुणी म्हणे खाली घोडं पुरलंय. कुणी म्हणे निवडणुकीत पडलेल्या एका अध्यक्षाने मतदारांवर सूड म्हणून ते बांधून घेतलं. गावातला न्हावी छातीठोक सांगायचा की खाली तिजोरी आहे. तो एकदा भर दुपारी पहार घेऊन गेलासुद्धा. अर्ध्या तासात परत आला, पहार तिथेच टाकून. अंगात ताप. काय झालं विचारलं तर म्हणाला, “घोडंच आहे. मी पाहिलं नाही, पण घोडंच आहे.” त्यानंतर त्याच्या खुर्चीत बसून कुणी तिजोरीचा विषय काढला की वस्तरा कानाजवळ जरा जास्त रेंगाळायचा.

इस्त्रीला विचारलं तर तो एवढंच म्हणायचा, “तिथे पातं उचलायचं असतं.” का, ते त्यालाही माहीत नव्हतं.

हे त्याला शिकवलं होतं उस्तादांनी. उस्ताद म्हणजे खात्यातले आधीचे ग्रेडरवाले, आणि पुढे त्याचे सासरे. हाताखाली शिकायला आलेला पोरगा दमाने काम करतो, तोंड कमी चालवतो, हे पाहून त्यांनी आधी त्याच्या हातात मशीन दिलं आणि मग मुलगी. मशीन देताना जास्त विचार केला, असा बायको अजून टोमणा मारते. पहिल्यांदा त्या वळणावर आले तेव्हा उस्ताद म्हणाले, “इथे हात वर.”

“का हो, उस्ताद?”

“वर म्हटलं ना.”

त्याने दांडा ओढला, पातं जमिनीवरून सुटलं. पात्यापुढे लोटत आणलेली खडी तिथेच सांडली. वळण गेलं, उस्तादांनी मान हलवली, पातं पुन्हा खाली. एवढंच. पण त्या वेळी उस्तादांनी डाव्या आरशात पाहिलं होतं, आणि गाडी थोडी उजवीकडे घेतली होती, जशी कुणाला वाट देताना घेतात. पुढे इस्त्रीही तशीच घ्यायला लागला. इतकी वर्षं त्या वळणावर त्याने आरशात पाहिलं नाही असं एकदाही झालं नाही. आरशात धूळ असायची. धुळीला आकार असतोच, आपण द्यावा तसा. पण वाऱ्याने धूळ उडते तेव्हा ती गाडीबरोबर पळत नाही, मागे राहते. त्या वळणावरची पळायची. हे त्याने कुणाला सांगितलं नव्हतं.

आता उस्ताद म्हातारे झाले होते आणि लेकीजवळच राहत होते. डोकं रिकामं झालं होतं, हात तेवढे नोकरीवर होते. दुपारी खिडकीपाशी खुर्ची टाकून दिली की त्यांचे दोन्ही हात हवेत दांडे धरायचे. डावा पुढे, उजवा मागे, हलकेच कलता. इस्त्री जेवायला घरी आला की पाहत बसायचा आणि त्याला रस्ता ओळखू यायचा. हा बाजारापासूनचा सरळ पट्टा. हा पूल, म्हणून हात सैल. ही वीटभट्टी. आणि मग वळण. दोन्ही हात वर जायचे, तिथेच थांबायचे, मान डावीकडे वळायची. बघणाऱ्याला वाटावं म्हातारा कुणाला उचलून घेतोय. मग हात खाली.

“बाबांना सवय लागलीय,” बायको म्हणायची आणि त्यांच्या हातात पाण्याचा पेला द्यायची, म्हणजे हात कामाला लागतील.

सगळं असंच चाललं असतं, पण त्या रस्त्याच्या टोकाला एक दातांच्या डॉक्टरीणबाई राहायला आल्या. बाहेरगावच्या, गाडी नवी, जीभ त्याहून धारदार. इथल्या कुणाला त्या ओळखत नव्हत्या, इथल्या कुठल्या गप्पा त्यांच्या कानावर गेल्या नव्हत्या. महिन्याच्या आत त्यांनी कचेरीत फोन केला.

फोन घेतला मोठ्या बाईंनी. मोठ्या बाई म्हणजे रस्ते खात्याच्या हेडक्लार्क. साहेब बदलत, अध्यक्ष बदलत, मोठ्या बाई आणि त्यांच्या टेबलावरचा पंखा तेवढा कायम. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, “तुमच्या त्या टेंगळाने माझ्या गाडीचा तळ फाटला. ते काढा. आणि दुसरं, तिथे एक मुलगी उभी असते. सात-आठ वर्षांची, पिवळा फ्रॉक. कुणाची आहे ती? धुळीत उभी असते एकटी. मी हॉर्न दिला तर हलत नाही, गाड्यांकडे बघतसुद्धा नाही. लांब बाजारच्या बाजूला बघते. तिला कुणीतरी घरी न्यायला सांगा.”

मोठ्या बाईंनी टेबलावरचा पंखा बंद केला. तो कामाच्या वेळेत बंद झाल्याचं कचेरीत कुणाला आठवत नव्हतं, म्हणून सगळ्यांनी माना वळवल्या.

“टेंगूळ लिहून घेते,” त्या शेवटी म्हणाल्या. “मुलगी आमच्या खात्यात येत नाही.”

तक्रार साहेबांकडे गेली. साहेबांचा एक दात बरेच दिवस ठणकत होता आणि जिल्ह्यात दातांच्या डॉक्टर त्या एकच, त्यामुळे तक्रारीवर एवढ्या तातडीने विचार झाला. साहेबांनी इस्त्रीला बोलावलं.

“काय रे, एक टेंगूळ काढता येत नाही तुला?”

“येतं की साहेब.”

“मग?”

“तिथे पातं उचलायचं असतं.”

साहेबांनी गाल धरला. “हे बघ, या आठवड्यात तू काढ, नाहीतर कंत्राटदाराला सांगतो. तो मशीन लावून उकरेल आणि भराव नेऊन टाकेल मटण बाजारामागच्या खड्ड्यात. तिथे भर हवीच आहे.”

इस्त्री बाहेर आला तेव्हा मोठ्या बाई चष्मा पुसत होत्या. काच स्वच्छ होती. “बस,” त्या म्हणाल्या. “उस्तादांनी तुला सांगितलं नाही ना कधी?”

“काय?”

“वीटभट्टीपाशी त्यांचं घर होतं आधी. आता तिथे दगडसुद्धा नाही. थोरली पोर तिथे वळणावर उभी राहायची, बापाचं मशीन यायच्या वेळी. दिसलं की बरोबर पळायची. खडी उडून तिला लागेल म्हणून ते पातं उचलायचे. मी नवीन लागले होते नोकरीला, साहेबांबरोबर पाहणीला गेले तेव्हा पाहिलंय मी तिला. वाढदिवसाचा पिवळा फ्रॉक होता, धुवायलाही काढू द्यायची नाही. त्याच वर्षी तापात गेली.”

“आणि उस्ताद?”

“उस्ताद काय, चौथ्या दिवशी कामावर. पातं उचलत राहिले. आधीच्या साहेबांनी विचारलं, तर म्हणाले, खाली घोडं आहे. घोडं तिथूनच निघालं रे. टेंगळाखाली काही नाही. तुम्ही दोघांनी हात उचलून उचलून सांडलेली खडी आहे ती, दुसरं काय.” मग आवाज खाली आणून त्या म्हणाल्या, “फोनवरच्या बाईंना तिथे पिवळ्या फ्रॉकातली मुलगी दिसते. रंग मी सांगितला नव्हता.”

त्या दिवशी इस्त्री जेवला नाही. बायकोला आपल्या आधी एक बहीण होती आणि ती गेली, एवढंच माहीत होतं. आईने तो विषय कधी पुढे नेला नाही. घर बदललं, मग ही जन्मली. इस्त्रीने तिला सगळं सांगितलं. खिडकीपाशी म्हाताऱ्याचे हात चालले होते. वळण आलं, हात वर गेले, मान वळली. या वेळी तिने पेला पुढे केला नाही.

“मला वाटायचं मला लहानपणी असं उचलायचे म्हणून करतात,” ती म्हणाली. मग पेला खिडकीत ठेवून म्हणाली, “म्हणजे ती अजून वाटच बघतेय. बाबा जाताना रोज हात उचलतात, पण तिला गाडीत घेत नाहीत.”

“कंत्राटदार नेऊन टाकेल बाजारामागे.”

“कुठे?”

“मटण बाजारामागे. खड्ड्यात.”

बायको उठली, म्हाताऱ्याच्या मांडीवरची चादर उगाच सारखी केली. हे काम एरवी इस्त्रीचं. “अहो,” ती म्हणाली, “तुम्हीच जा. आणि तिथे सोडून येऊ नका.”

दुसऱ्या दिवशी सकाळी तो निघाला. रस्त्याच्या दूरच्या टोकाकडून सुरुवात केली, म्हणजे येताना तोंड गावाकडे. डॉक्टरीणबाई फाटकात उभ्या होत्या. “आज काढताय ना नक्की?” त्याने मान हलवली. “आणि त्या मुलीचं काय झालं?” त्याने पुन्हा मान हलवली. बाईंना वाटलं, माणूस मुका आहे.

वळण दिसलं तसा त्याचा हात दांड्यावर आपोआप वर सरकायला लागला. इतक्या वर्षांचं हाडात मुरलेलं. त्याने दुसऱ्या हाताने तो दाबून धरला. पातं टेंगळात घुसलं आणि मशीन कण्हलं. पहिल्या फेरीत वरची करडी खडी निघाली, ती त्याची. मागे जाऊन पुन्हा आला तेव्हा खाली तांबडा मुरूम लागला, जुन्या खाणीचा, ती खाण कधीच बंद झालेली. तो उस्तादांचा. त्याच्याही खाली वीटभट्टीचे तुकडे. न्हाव्याची गंजलेली पहार निघाली. घोडं नव्हतं, तिजोरी नव्हती. सगळ्यात खाली साधी जमीन होती, आजूबाजूला होती तशीच, फक्त ओली. आठ महिने पावसाचा थेंब नव्हता.

त्याने आरशात पाहिलं नाही. पातं कलतं केलं, सगळी रास त्याच्या पुढ्यात घेतली आणि गाडी हळू चालू ठेवली, चालणाऱ्या लहान माणसाला गाठता येईल इतकी हळू. डावीकडे थोडी जागा सोडली. वीटभट्टी गेली, पूल गेला. नियमाने खडी जागोजाग सोडत जायची असते. तो सोडायला तयार नव्हता. सरळ पट्ट्यावर न्हाव्याने दुकानातून डोकं बाहेर काढलं, मशीनच्या डाव्या बाजूला पाहिलं, आणि डोकं आत घेतलं. खुर्चीतलं गिऱ्हाईक सांगतं की त्यानंतर न्हाव्याने अर्धीच दाढी केली आणि पैसे घेतले नाहीत. न्हाव्याने पैसे घेतले नाहीत, यावरून काय ते समजावं.

बाजाराच्या अलीकडे रस्त्याला एक बोळ फुटतो, कर्मचाऱ्यांच्या घरांचा. मशीन तिथे न्यायला परवानगी नाही. इस्त्रीने नेलं. घराच्या फाटकासमोर त्याने दांडा ओढला, पातं उचललं, आणि खडी तिथे सांडली. मग इंजिन बंद करून तो बराच वेळ वरच बसून राहिला. त्याला कुणाच्या तरी आधी आत जायचं नव्हतं.

घरात आला तेव्हा बायको दारातच उभी होती. तिने बोट ओठांवर ठेवलं आणि खिडकीकडे मान वळवली. उस्तादांचे हात चालले होते. सरळ पट्टा. पूल. वीटभट्टी. वळण आलं आणि हात तसेच पुढे गेले, सपाट, न थांबता, रस्ता संपेपर्यंत. मग दोन्ही हात मांडीवर आले आणि तिथेच राहिले. म्हाताऱ्याने, ज्याला लेकीचंही नाव आठवत नव्हतं, मान वर करून विचारलं, “पोर आली का घरी?”

बायको म्हणाली, “आली, बाबा. धुळीने माखलीय. हातपाय धुतेय.”

“हां,” उस्ताद म्हणाले, आणि त्यांनी डोळे मिटले.

तेव्हाच मागच्या दारचा नळ सुरू झाल्याचा आवाज आला. घरात तिघं, आणि तिघंही त्याच खोलीत. पाणी थोडा वेळ वाहिलं आणि कुणीतरी बंद करावं तसं बंद झालं.

रस्ता आता उत्तम आहे. डॉक्टरीणबाईंनी आभाराचा फोन केला. मुलगी हल्ली दिसत नाही, शाळेत घातली वाटतं, असं म्हणाल्या आणि साहेबांचा दात उपटला. उस्ताद पुढे फार दिवस नव्हते, पण होते तोवर खुर्चीत शांत बसत. बोळातली खडी उचला म्हणून शेजाऱ्यांनी तक्रार केली. मोठ्या बाईंनी अजून ती साहेबांपर्यंत जाऊ दिलेली नाही.

आणि नळ. तो संध्याकाळी, मशीन परत यायच्या सुमाराला, आपोआप सुरू होतो. इस्त्री सांगतो, वायसर खराब आहे. मग बदलत का नाही, असं विचारलं तर बायकोकडे बघतो. ती म्हणते, “राहू द्या हो. किती धूळ असते बाहेर.”