निर्वेध नाही

पंगतीत मी तिसरा बसलो होतो. बसलो होतो म्हणजे, पान वाढेपर्यंत.

बेळगावातल्या एका बिल्डरची वास्तुशांत. त्या बंगल्याच्या जागेचा गुंता मीच सोडवला होता. तीन वर्षं, दोन कोर्टं. त्याच्या आईनं माझं आडनाव विचारलं. मी सांगितलं. ती आत गेली. बिल्डर बाहेर आला, हसत.

"वकीलसाहेब, तुमचं पान व्हरांड्यात मांडलंय. तिथं वारं लई छान येतंय."

वारं खरंच छान होतं. चपलांचा ढीग होता, मी होतो आणि त्यांचा कुत्रा होता. कुत्रा मधूनच आत जाऊन येत होता.

आता गंमत ऐका. मी उठलो नाही. जेवलो. कुंदा दुसऱ्यांदा मागून घेतला. लोकांसाठी जनहित याचिका लढवणारा, पंचवीस वर्षं वकिलीत मुरलेला माणूस. आणि मागितलं काय, तर कुंदा.

हात धुतो न धुतो तोच त्यानं फाईल पुढं केली. निपाणीजवळची हायवेलगतची जमीन. प्लॉट पाडायचे होते. माझ्याकडून लेखी हवं होतं: मालकी निर्वेध, दुसऱ्या कुणाचा हक्क नाही.

नकाशा उलगडला. आमचंच गाव. पूर्वेच्या कोपऱ्यात आमच्या वस्तीची मसणवट. सरकारी उताऱ्यात तिची नोंद कधी झालीच नाही. जन्मभर विड्या वळलेली माझी आई तिथं पुरलेली आहे.

"इथं माणसं पुरलीत," मी म्हणालो.

"ठाऊक हाय की. म्हणून तर तुमच्याकडं आलो. तुमची सही बघितली की वस्तीतली माणसं गप बसतील. तुमचीच न्हवं ती?"

म्हणजे माझी जात त्याला आधीपासून ठाऊक होती. सहीला चालत होती. पंगतीला नाही.

खरकट्या पानाशेजारी बसूनच मी अहवाल लिहिला. 'मालकी निर्वेध नाही. येथे दफनभूमी आहे.' खाली सही.

"डोकं फिरलंय काय, साहेब? बेळगावात एक बिल्डर तुम्हाला दारात उभा करणार न्हाय."

"आत्ता तरी कुठं आत घेतलंय?"

आता वस्तीनं त्या बिल्डरवर दावा लावलाय. बिल्डरची फाईल मीच तपासलेली, त्यामुळे मला वस्तीचा वकील होता येत नाही. साक्षीदार होता येतं. पुढच्या तारखेला काळा कोट घरी ठेवून पिंजऱ्यात उभा राहणार आहे. नाव, आडनाव, जात, सगळं मोठ्यानं सांगणार आहे. मग आई कुठं आहे, ते. कोर्टात हरलो, तर जेसीबीपुढं उभा राहून हेच सांगेन.