हरवलेल्या रिव्हॉल्व्हरचे अकरा महिने

प्रताप वैरागडे हे माझ्या मामाचे कॉलेजातले मित्र. मी २००१ मध्ये न्यू जर्सीतल्या पार्सिपनीला नोकरीसाठी आलो तेव्हा मामाने दिलेल्या चिठ्ठीवर त्यांचा एकट्याचाच नंबर होता. मूळचे भंडाऱ्याचे. सत्तरच्या दशकाच्या शेवटी इंजिनिअरिंग शिकायला अमेरिकेत आले आणि लाकूड कापायची यंत्रं बनवणाऱ्या एका कारखान्यात लागून पेनसिल्व्हेनियाच्या ईशान्य कोपऱ्यात, होन्सडेलच्या पुढच्या डोंगराळ भागात स्थिरावले. तिथे शंभर मैलांत मराठी माणूस नव्हता. कारखान्यातल्या डेल नावाच्या फोरमनने त्यांना पहिल्या हिवाळ्यात हरणाच्या शिकारीला नेलं आणि काका त्यात रमले ते कायमचे.

आम्ही त्यांच्याकडे पहिल्यांदा जेवायला गेलो तेव्हा सुनेत्राकाकूंनी हरणाच्या मटणाचा सावजी रस्सा केला होता. काकू पुण्याच्या, सावजी मसाला त्या काकांच्या बहिणीकडून पत्रातून शिकल्या होत्या. माझी बायको नेत्रा नुसता भात-वरण खात होती. काका तिला समजावून सांगत होते की एक हरीण मारलं की त्याचा एकही तुकडा वाया जाऊ द्यायचा नाही, पाठीवर वाहून आणायचं, स्वतः साफ करायचं, आणि जखमी हरीण अंधार पडेपर्यंत शोधायचं, सोडून यायचं नाही. डेलने त्यांना हेच पहिल्या दिवशी शिकवलं होतं. बंदुका तळघरातल्या लोखंडी कपाटात, गोळ्या वेगळ्या खोलीत. मी आयुष्यात पाहिलेला सगळ्यात शिस्तीचा माणूस म्हणजे प्रतापकाका.

त्यांची मुलगी अनिका जर्सी सिटीत राहायची. एका मोठ्या हॉस्पिटलच्या इमर्जन्सी रूममध्ये ती नर्स होती. बापलेकीचं बंदुकांवरून कधीच पटलं नाही. अनिका म्हणायची, माझ्याकडे स्ट्रेचरवर येतात ती हरणं नसतात. काका म्हणायचे, शहरातल्या गुंडांमुळे आमच्या रायफली का म्हणून मोजायच्या? आमच्याकडे पोलीस बोलावला तर यायला चाळीस मिनिटं लागतात. शिकारीच्या सीझनच्या पहिल्या सोमवारी आमच्या शाळांना सुट्टी असते, सगळं गाव रानात असतं, आणि इतक्या वर्षांत कुणी कुणावर बंदूक रोखलेली नाही. अनिकाला ते खोडता यायचं नाही, पण पटायचंही नाही. दोघं चिडायची आणि काकू पानात वाढत राहायच्या.

२००६ च्या दिवाळीच्या आधीच्या रविवारी काका-काकू फराळ घेऊन अनिकाकडे आले. आदल्या दिवशी काका क्लबात नेमबाजीला गेले होते आणि त्यांचं अडतीस मापाचं रिव्हॉल्व्हर पिकअप ट्रकच्या पुढच्या खणात तसंच राहिलं होतं. पेनसिल्व्हेनियात ते चालत होतं. त्यांच्याकडे परवाना होता. न्यू जर्सीत तो परवाना चालत नव्हता. खणात ठेवलेलं पिस्तूल घेऊन दोन राज्यांमधल्या नदीवरचा पूल ओलांडला की तुम्ही गुन्हेगार, तोही साधासुधा नाही, तुरुंगात जाण्याजोगा. हे काकांना तोंडपाठ होतं. क्लबात नव्या सभासदांना ते स्वतः बजावायचे. त्या सकाळी फक्त विसरले.

संध्याकाळी पाचच्या सुमाराला तिघं खाली आली तेव्हा ट्रकची काच फुटलेली होती. खण उघडा, जीपीएस गायब. काका वाकून आत बघत राहिले. अनिकाने विचारलं, "काय गेलं?"

"जीपीएस," काका म्हणाले. "फक्त जीपीएस."

अनिका पोलिसांना फोन करायला निघाली. काकांनी थांबवलं. एका काचेसाठी कुठे ताटकळत बसायचं म्हणून खिडकीला प्लॅस्टिक चिकटवलं आणि ते घरी निघाले. वाटेत काकूंना थंडी वाजत होती. त्यांनी दोनदा विचारलं, तुम्ही असे गप्प का? काकांनी रस्त्याकडे बोट दाखवलं, ट्रॅफिक आहे म्हणून.

पुढचं मला त्यांनी स्वतः सांगितलं, पण खूप नंतर. चोरीला गेलेल्या रिव्हॉल्व्हरवर कोरलेला नंबर त्यांना पाठ होता. गाडी चालवताना, कारखान्यात लेथसमोर उभं असताना, दाढी करताना तो डोक्यात फिरायचा. कंप्यूटरला कधी हात न लावणारा माणूस रोज सकाळी इंटरनेटवर जर्सी सिटीच्या बातम्या वाचायला लागला. कुणावर गोळी झाडली गेली, कुठल्या रस्त्यावर, कुठल्या मापाची. बहुतेक बातम्यांत माप दिलेलं नसायचं. दिलेलं असलं आणि ते नऊ मिलिमीटर असलं की त्यांना हायसं वाटायचं, आणि एका मेलेल्या पोराच्या बातमीने हायसं वाटलं म्हणून ते लगेच कंप्यूटर बंद करायचे. त्या डिसेंबरात ते शिकारीला गेले पण झाडावरच्या मचाणावर तासभरही टिकले नाहीत. उतरायचे, चालायचे, परत चढायचे. डेल त्यांना 'पॅट' म्हणायचा. तो म्हणाला, पॅट, तू आज रान उठवून लावलंस.

ते एका वकिलाकडे गेले होते, नाव न सांगता, 'एका मित्राचा प्रश्न' म्हणून. वकील म्हणाला, पेनसिल्व्हेनियात हरवलेल्या बंदुकीची खबर द्यायचं कायदेशीर बंधन नाही. मित्राला सांगा, गप्प बसा. हा सल्ला ऐकून त्यांना बरं वाटायला हवं होतं. ते घरी आले आणि दिवसभर लाकडं फोडत बसले.

पुढच्या वर्षी एप्रिलमध्ये व्हर्जिनियातल्या विद्यापीठात गोळीबार झाला, एका विद्यार्थ्याने बत्तीस जणांना मारलं. त्या आठवड्यात आमच्याकडे पार्सिपनीला जेवण होतं. टेबलाभोवती सगळे बंदुका बंद करा म्हणत होते. मला वाटलं, आता काका नेहमीसारखे उसळतील. ते ताटाकडे बघत राहिले आणि मधेच उठून अंगणात गेले. मी मागे गेलो तर ते आमच्या कुंपणाची सैल झालेली पट्टी हाताने दाबत उभे होते. स्क्रू ड्रायव्हर आहे का, एवढंच त्यांनी विचारलं.

त्याच उन्हाळ्यात पेनसिल्व्हेनियात एका नव्या कायद्याची चर्चा तापली. बंदूक हरवली किंवा चोरीला गेली तर मालकाने ठरावीक मुदतीत पोलिसांना कळवलंच पाहिजे, असा तो प्रस्ताव. फिलाडेल्फियातल्या आमदारांनी आणलेला, म्हणून काकांकडच्या डोंगरातल्या क्लबांचा आधीपासूनच विरोध. नोव्हेंबरच्या सुरुवातीला, एका शनिवारी, गावातल्या फायर हाऊसमध्ये, म्हणजे अग्निशमन केंद्रात, स्थानिक आमदाराची जाहीर सभा ठरली. डेल तेव्हा क्लबचा अध्यक्ष होता. त्याने काकांना गळ घातली. तू बोल, तो म्हणाला. तू शिकलेला आहेस, तुझं रेकॉर्ड स्वच्छ आहे, आणि तुला बघून कुणी म्हणणार नाही की हे नेहमीचेच अडाणी शिकारी.

काकांना नाही म्हणता आलं नाही. त्यांनी दोन पानं भाषण लिहिलं आणि इंग्रजी तपासून घ्यायच्या निमित्ताने सप्टेंबरात एकटेच अनिकाकडे गेले. निमित्तच ते, पंचवीसेक वर्षं इंग्रजीत काम केलेल्या माणसाला तपासून घ्यायचं काय होतं? अनिका ड्यूटीवरून नुकतीच आली होती. एका सतरा वर्षांच्या मुलाबद्दल सांगत होती. गोळी मणक्यात अडकली होती, तो आता चालणार नव्हता. काकांनी विचारलं, "गोळी कुठल्या मापाची होती?"

अनिका त्यांच्याकडे बघतच राहिली. आम्ही ते विचारत नाही, ती इंग्रजीत म्हणाली. मग तिने भाषण हातात घेतलं आणि स्वयंपाकघरात उभ्याउभ्या मोठ्याने वाचायला लागली. दुसऱ्या पानावर एक वाक्य होतं: प्रामाणिक मालक स्वतःहून कळवतोच, त्याला कायद्याची गरज नसते. तिथे ती थांबली.

"हे खरं आहे, बाबा?" हे तिने मराठीत विचारलं.

काकांनी खुर्ची ओढली, बसले आणि सगळं सांगितलं. फुटलेली काच, खण, पूल, वकील, रोजच्या बातम्या. अनिका रागावली नाही. ती सिंकपाशी गेली, हात धुतले, पुसले, परत धुतले. मग म्हणाली, "त्या दिवशी मी शेजारीच उभी होते. तुम्ही माझ्या तोंडावर जीपीएस म्हणालात." त्यांना बंदुकीपेक्षा हे जास्त लागलं, असं काका मला म्हणाले.

पुढच्या आठवड्यात अनिकाच्या ओळखीच्या वकिलाला घेऊन ते जर्सी सिटीच्या पोलिसांपुढे हजर झाले. या वकिलाने सरळ सांगितलं होतं की तुरुंगही होऊ शकतो. काकूंना आता पहिल्यांदा कळलं. त्या दोन दिवस काकांशी बोलल्या नाहीत आणि तिसऱ्या दिवशी त्यांच्याबरोबर कोर्टात जाऊन बसल्या. पहिलाच गुन्हा, स्वतःहून पुढे आलेला माणूस, म्हणून पुढे खटला चालला नाही. एक वर्ष कोर्टाच्या देखरेखीखाली राहायचं, आणि तेवढे दिवस घरात एकही बंदूक ठेवायची नाही. रायफली गावातल्या दुकानदाराकडे जमा झाल्या. तळघरातलं लोखंडी कपाट रिकामं झालं.

काकांनी डेलला फोन करून सगळं सांगितलं आणि मी भाषण करणार नाही म्हणाले. डेलने फोन ठेवला. मग काकांनीच विचार बदलला. सभेला ते गेले. त्या शनिवारी मी अनिकाला गाडीतून घेऊन गेलो होतो. फायर हाऊसमध्ये लाल बंब बाहेर काढून खुर्च्या मांडल्या होत्या, दीडेकशे माणसं, बहुतेकांच्या अंगावर शिकारीची जॅकिटं. मी आणि अनिका सोडून आणखी एकच तपकिरी चेहरा होता, तो काकांचा.

काकांची पाळी आली तेव्हा हातात कागद नव्हता. ते हळू बोलले. रायफलवर बंधन आणणाऱ्या कुठल्याही कायद्याच्या मी विरोधात आहे, आजही. महिन्याला एकाहून जास्त पिस्तूल विकत घेऊ नये असा दुसरा प्रस्ताव आहे, तोही मला पटत नाही. पण तुम्ही सगळे मला प्रामाणिक म्हणता. माझं रिव्हॉल्व्हर चोरीला गेलं आणि मी अकरा महिने गप्प बसलो, कारण बोललो तर मी अडकणार होतो. ते आज कुणाच्या हातात आहे मला माहीत नाही. जखमी हरीण सोडून येऊ नये हे मला याच गावात शिकवलं गेलं, आणि मी त्याहून मोठी गोष्ट रस्त्यावर सोडून आलो. चोरीच्या दिवशीच नंबर कळवला असता तर काही झालं असतं की नाही, मला माहीत नाही. पण मी कळवला नाही.

खोलीत खुर्च्या करकरल्या. मागून एक बाई उठली. ती म्हणाली, कायदा असता तर तू दोनदा गुन्हेगार झाला असतास, मग तर तू आणखीच लपवलं असतंस.

"कदाचित," काका म्हणाले. "मी त्याचा रोज विचार करतो."

टाळ्या झाल्या नाहीत. कुणी हुर्योही उडवली नाही. डेल भिंतीशी हाताची घडी घालून उभा होता, तो काका बसायच्या आधीच बाहेर निघून गेला. परतताना गाडीत अनिका एवढंच म्हणाली की बाबांचं म्हणणं मला अजून पूर्ण पटत नाही, पण आज ते बोलले ते खरं होतं.

तो कायदा त्या वर्षी झाला नाही. विधिमंडळाच्या समितीतच पडला. सीझनच्या पहिल्या सोमवारी काका घरी होते. सकाळपासून ट्रकमागून ट्रक रानाकडे जात होते आणि ते खिडकीशी उभे राहून प्रत्येकाचा नंबर ओळखत होते. काकूंनी त्यांना वाटाणे सोलायला बसवलं. ते सोलता सोलता उठत राहिले. क्लबातली निम्मी माणसं किराणा दुकानात भेटली की बोलायची, निम्मी वाट बदलायची. डेलचा फोन आला नाही.

तो स्वतःच आला, २००८ च्या जुलैत, एका दुपारी. मी योगायोगाने तिथे होतो. डेल ओसरीच्या पायरीवर बसला, टोपी काढली आणि काकांकडे न बघता बोलला. त्याच्या रानातल्या केबिनमधून दोन शॉटगन गेल्या होत्या. कधी? दोन वर्षं झाली असतील, जास्तच. एक त्याच्या वडिलांची होती. कुणाला सांगितलं नव्हतं. आधी वाटलं पुतण्याने नेल्या असतील, मग वाटलं विचारलं तर पुतण्याचं घर फुटेल. त्या सभेत तो सगळा वेळ त्याच विचारात उभा होता.

"पोलिसांकडे तू नक्की कुठे गेलास, पॅट?" त्याने विचारलं. "आत जाऊन आधी काय म्हणालास?"

काकांनी चपला बदलून बूट घातले, काकूंना सांगितलं की तासाभरात येतो, आणि डेलच्या ट्रकमध्ये बसले. मीही मागच्या सीटवर बसलो. राज्य पोलिसांच्या ठाण्यात एका तरुण शिपायाने फॉर्म पुढे केला. डेलला एका बंदुकीचा नंबर आठवत होता, वडिलांच्या बंदुकीचा नाही; ती इतकी जुनी होती की तिच्यावर नंबरच नसावा. शिपायाने तिथे रेघ ओढली. सगळं मिळून पंधरा मिनिटंही लागली नाहीत. डेल सही करून बाहेर आला आणि ट्रकच्या दाराला हात लावून उभा राहिला, आत बसेना. काकाही त्याच्या शेजारी उभे राहिले. पुतण्याला आता काय सांगायचं, असं डेलने विचारलं. काका म्हणाले, आधी त्याच्या घरी जाऊ, वाटेत ठरवू.