सुनेच्या लॅपटॉपसाठी बंद ठेवलेली मोटर

सून घरात आली तेव्हा तिचं कॉम्प्युटरचं शेवटचं वर्ष राहिलं होतं. सुपारी फुटली त्या दिवशी तिच्या वडिलांनी आमच्याकडून एकच गोष्ट मागितली, पोरीचं शिक्षण पुरं होऊ द्या. आमच्या मालकांनी चार माणसांत शब्द दिला. मला काही विचारलं नाही. विचारलं असतं तर मी नको म्हणाले असते. आमची फुलशेती, दसरा-दिवाळीची शेवंती, पहाटे उठून तोडा करायचा आणि गाडीनं नाशकात गंगेवरच्या, म्हणजे गोदाकाठच्या, फुलबाजारात पाठवायचा. मला कामाला हात हवे होते, पदवी नको होती. पण शब्द गेला होता.

शेवटच्या वर्षाला त्यांना एक मोठं काम करून कॉलेजात द्यावं लागतं. त्याला ती प्रोजेक्ट म्हणायची. दिवाळीच्या सुट्टीआधी दिलं नाही तर वर्ष फुकट जाणार होतं. त्यासाठी माझ्या मुलानं कंपनीतल्या एका सोबत्याकडून वापरलेला लॅपटॉप आणला. त्याची बॅटरी म्हातारी होती, वायर लावून ठेवली तरच धड चालायचा. दसऱ्याच्या तोंडावर त्याचा पडदा लुकलुकायला लागला. पांढरा व्हायचा, काळा व्हायचा, मध्येच आडव्या रेघा मारायचा. ती डोळे चोळत बसायची. दोन ओळी लिहायची आणि थांबायची.

ती भारनियमनाची वर्षं होती. शेताला वीज एक आठवडा दिवसा, एक आठवडा रात्री. दिवसाची पाळी असली की सगळा शिवार एकदम मोटरी सुरू करायचा आणि घरातल्या ट्यूबा फडफडायच्या. पंखा म्हाताऱ्यासारखा फिरायचा. त्यामुळं लॅपटॉप लुकलुकला तेव्हा आमच्यातल्या कुणाला दुसरं काही सुचलंच नाही. मोटरीनं व्होल्टेज खाल्लं, असं सगळ्यांनी धरलं. सुनेनंही धरलं. तिच्या खोलीतली ट्यूब आणि लॅपटॉप दोन्ही लुकलुकत होते, मग कारण वेगळं कसं असेल? टीव्हीचा स्टॅबिलायझर काढून तिच्या खोलीत लावला. फरक पडला नाही.

मग मालकांनी एक दिवस विहिरीवर जाऊन मोटर बंद केली. मला वाटलं फेज गेली. मी विचारलं तर म्हणाले, पोरगी लिहायला बसली आहे. ट्यूब जरा स्थिर झाली, लॅपटॉप कमी-जास्त लुकलुकत राहिला ते आम्ही शेजारच्या मोटरींवर ढकललं.

ऑक्टोबरचं ऊन, शेताला वीज दिवसाचीच आणि शेवंती कळीवर. अशा वेळी पाणी तोडणारा माणूस मी तोवर पाहिला नव्हता. मी दारात उभी राहून बरंच बोलले. त्यांनी ऐकून घेतलं आणि बैलांना वैरण टाकायला गेले. दुसऱ्या दिवशी मला बोलावून हळूच सांगितलं, "ती जेवायला बसंल तवा तिला लवकर उठू देऊ नको. तेवढ्यात माझे वाफे भिजत्यात."

म्हणजे मी आता जेवण लांबवायचं. मला गप्पा मारता येत नाहीत. मी तिला तिच्या माहेरचं विचारायचे, मावशीचं विचारायचे, ताटात परत भाकरी टाकायचे. ती म्हणायची, आत्या, पुरे. मी म्हणायचे, अजून एक चतकोर. तिकडं मोटर घूं घूं करायची. तिला आधी कळलं नाही. नंतर कळलं, तेव्हा ती स्वतःहून सावकाश जेवायला लागली, एकेक घास मोजल्यासारखा. त्या जेवणांत मला तिच्याबद्दल जे कळलं ते एरवी दहा वर्षांत कळलं नसतं. तिला कारल्याची भाजी आवडते, अंधाराची भीती वाटते, आणि तिची आई ती लहान असतानाच गेली, हे मला लग्नाच्या गडबडीत कुणी नीट सांगितलंच नव्हतं.

एवढ्यानं पाणी पुरत नव्हतं. कडेचे वाफे माना टाकायला लागले. माझी जाऊ शेजारच्या मळ्यात राहते. ती बांधावर उभी राहून म्हणाली, "सुनेचा टीव्ही फडफडतो म्हणून शेवंती उपाशी ठेवली व्हय? लय लाडाची दिसतीय."

मी म्हणाले, "तुझ्या दारात मागायला आलो का? मग झालं तर."

सुनेबद्दल मी कुणाला पहिल्यांदा उलटून बोलले ते तेव्हा. घरात येऊन मात्र मालकांना म्हटलं की जाऊ म्हणते ते खरं आहे. ते म्हणाले, शब्द तिनं दिलेला नाही, मी दिलाय.

त्याच आठवड्यात एका दुपारी मी फुलांच्या टोपल्या ठेवायला आत गेले आणि लाइट गेली. पंखा थांबला. लाइट गेली की ती लगेच लॅपटॉप बंद करायची, बॅटरी टिकत नाही म्हणून. त्या दिवशी तिचा हात तसाच राहिला. ती एकदा वर पंख्याकडं बघत होती, एकदा पडद्याकडं.

"आत्या, लाइट गेली."

"रोज जाते."

"अहो, पण हा अजून लुकलुकतोय."

मला त्यात काय विशेष ते समजलं नाही. ती पुढं म्हणाली, बॅटरीवर चालू आहे, वीज नाही, मोटर नाही, कुणाचीच मोटर नाही, तरी लुकलुकतोय. म्हणजे मोटरीचा काही संबंध नव्हता. तिनं झाकण थोडं मागं रेटलं, पडदा गेला. पुढं ओढलं, आला. तिच्या डोळ्यांत पाणी आलं. मला वाटलं रोग सापडला म्हणून आनंदानं रडते आहे. पण ती उठली आणि तशीच अनवाणी मळ्यात गेली, मी तिच्या मागं.

मालक कडेच्या वाफ्यापाशी बसून वाळलेली पानं खुडत होते. ती म्हणाली, "मामा, मोटरीमुळं नव्हतं ते. यंत्रातच बिघाड आहे. माझ्यामुळं उगाच शेवंती गेली."

त्यांनी तिच्याकडं पाहिलंसुद्धा नाही. "शेवंतीचं मी बघतो. तुझं किती राहिलं ते सांग."

"बरंच राहिलंय."

"मग इथं काय करते?"

एवढंच बोलणं. चिडले नाहीत, हसले नाहीत. लाइट आली तशी जाऊन मोटर सुरू केली आणि रात्री मुलगा कामावरून आल्यावर त्याला लॅपटॉप घेऊन नाशकात पाठवायचं ठरवलं. तिथल्या दुरुस्तीवाल्या दुकानदारानं उघडून सांगितलं, बिजागरीतून पडद्याकडं जाणारी पट्टी घासली आहे, नवी मागवावी लागेल आणि ती यायला दिवाळी उजाडेल. तेवढा वेळ नव्हता. त्यानंच सुचवलं, यंत्र चांगलं आहे, फक्त पडदा दुसरा लावा. मागं जोडायची जागा असते.

सून लग्नाआधी ज्या क्लासात शिकवायची, तिथल्या बाईंनी त्यांचा एक जुना मॉनिटर दिला, तो जड, डोक्यासारखा मागं फुगलेला. आणायला मालक स्वतः गेले. फुलं उतरवून परत येणाऱ्या टेंपोत तो गोधडीत गुंडाळून मांडीवर घेऊन बसले. खड्डा आला की पाय घट्ट रोवायचे. ड्रायव्हरनं म्हटलं, खाली ठेवा, काही होत नाही. यांनी ठेवला नाही. घरी उतरले तर पाय बधिर झाले होते, त्यांना धरून आत आणावं लागलं. मी हसले तर म्हणाले, आधी तो बघ, मग मला बघ.

मॉनिटर जोडला आणि चित्र उभं राहिलं. मोटर चालू केली की जरा थरथरायचं, मग शांत व्हायचं. तिनं बसून सगळं पुरं केलं. त्या दिवसांत स्वयंपाक मी केला, तोडा मजुरांच्या बरोबर मी केला, आणि कुरकुरही केली, ती माझी सवय आहे. कडेचे वाफे काही परत उठले नाहीत. उरलेली फुलं लहान निघाली. बाजारात त्यांना मागं सारलं गेलं.

ज्या दिवशी ती प्रोजेक्ट द्यायला गेली त्या दिवशी ते बाजाराला गेले नाहीत. अंगणात बसून उगाच दोर वळत होते. दुपारी ती परत आली. मी विचारलं, काय झालं. म्हणाली, घेतलं, काही खोट काढली नाही. चप्पल काढली, पाणी प्यायली आणि खोलीत जाऊन आडवी झाली ती झोपलीच.

आमच्या घरात सासरा घरात असताना सुनेनं भर दिवसा झोपायची रीत नव्हती. मी कधी झोपले नाही. थोड्या वेळानं माझी जाऊ काहीतरी मागायला आली आणि दारातूनच मोठ्यानं बोलायला लागली. मालक दोर टाकून उठले, तोंडावर बोट ठेवलं आणि तिला अंगणाच्या पलीकडं नेऊन म्हणाले, काय बोलायचं ते इथं बोल, पोरगी झोपलीय.

आता ते नाहीत. सून नोकरी करते, तिच्या पगारावर घराला स्लॅब पडला, ते ठीक आहे. पण तो माणूस कसा होता असं कुणी विचारलं तर मला ती दुपार सांगावी लागेल. त्या दिवशी मी त्यांना चहा करून दिला, न मागता, आणि पोरीच्या खोलीचं दार पुढं ओढून घेतलं.